जपानी बुफेला घरच्यांना पहिल्यांदा नेताना

मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्याने बक्षीस म्हणून एकच गोष्ट मागितली: जपानी जेवण. वाशीतल्या एका मोठ्या हॉटेलात रविवारी दुपारी जपानी बुफे असतो, हे त्याने मित्रांकडून ऐकलं होतं. कोपरखैरण्याहून आम्ही पाच जण निघालो. मी, नवरा, मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई माळकरी आहेत. चाळीस वर्षांपूर्वी गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मासा-मटण तर सोडाच, अंडंही त्यांनी तोंडात घातलेलं नाही. गुडघ्यांनी साथ दिली तोवर पायी वारी केली.

त्या दिवशी बाहेर पाऊस आणि आत एसीचा गारठा. सासूबाईंनी मिसो सूपची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी सूपची वाटी घेतली. पाटीवर टोफू (सोयाबीनचं पनीर) आणि समुद्री शेवाळ एवढंच लिहिलेलं होतं. मऊ, कोमट, पोटाला बरं वाटणारं. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. अर्ध्या तासाने शेजारच्या काउंटरवर शेफ एका पदार्थावर कागदासारखे पातळ तपकिरी पापुद्रे भुरभुरवत होता. हे काय, म्हणून मी विचारलं. वाळवलेला मासा, तो म्हणाला. आणि सहज पुढे म्हणाला, सूपचं पाणीही याचंच असतं.

सासूबाई तिथे कोणालाच काही बोलल्या नाहीत. उठून चूळ भरली, माळ डोळ्यांना लावली. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "अगं, तू काही मुद्दाम केलं नाहीस. पण पुढच्या वेळी विचारून घे."

पुढचं सगळं मी त्या वाक्यामुळे शिकले. त्यानंतर आम्ही चारदा जपानी बुफेला गेलो आणि त्यातल्या दोनदा सासूबाई आनंदाने आल्या, पोटभर जेवल्या. जपानी जेवणात मासा ताटात दिसतो त्यापेक्षा पाण्यात जास्त असतो, ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

१. आधी घरातल्यांची पथ्यं कागदावर लिहा

"आम्ही दोघं व्हेज, तिघं नॉनव्हेज" एवढ्याने भागत नाही. प्रत्येक माणसाच्या नावापुढे नक्की काय चालत नाही ते लिहा: मासा, अंडं, डुकराचं मांस, कांदा-लसूण, दारू, गहू, सोयाबीन, तीळ, कोळंबी-खेकडा. हे शब्द मुद्दाम दिले आहेत, कारण जपानी स्वयंपाकात हेच सारखे भेटतात.

यातलं गव्हाचं तर पुष्कळांना माहीत नसतं. साधा सोया सॉस सोयाबीनइतकाच गव्हापासूनही करतात. ज्याला गहू अजिबात चालत नाही त्याने तामारी नावाचा सॉस आहे का ते विचारावं. तो बहुधा गव्हाशिवाय करतात, तरी बाटलीवरचं वाचून घ्यावं. दारूचंही तसंच. तेरियाकी नावाच्या, सॉस लावून भाजलेल्या पदार्थांच्या गोडसर चकाकीत मिरिन किंवा साके असते, म्हणजे तांदळाची दारू. शिजताना बरीचशी उडून जाते, पण ज्यांना तत्त्व म्हणून चालत नाही त्यांना हे आधी कळायला हवं.

गरोदर बाई, लहान बाळ, फार वयस्कर माणूस किंवा ज्याचे मोठे उपचार चालू आहेत असं कोणी सोबत असेल, तर त्यांच्या नावापुढे "कच्चा मासा नाही" असं ठळक लिहा. यात "थोडंसं चाखून बघ" म्हणून आग्रह करू नका.

२. दोन दिवस आधी फोन करा आणि नेमकं विचारा

"तुमच्याकडे व्हेज आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर नेहमी "हो" असंच येतं. मांसाचे तुकडे नसले की पदार्थ व्हेज, असं समजणारे कर्मचारी मला तीन ठिकाणी भेटले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच सांगितलेलं होतं.

म्हणून फोन बुकिंगच्या माणसापाशी संपवू नका. "मला रेस्टॉरंटच्या शेफशी किंवा कॅप्टनशी (म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाशी) बोलायचंय" असं सांगा. मी विचारते ते हे:

– मिसो सूप आणि नूडल्सचं पाणी कशाचं असतं? दाशीत, म्हणजे त्या चवीच्या पाण्यात, बोनिटो घालता का? (बोनिटो म्हणजे तोच वाळवलेला मासा. हा शब्द हॉटेलच्या स्वयंपाकघरात कळतो.)
– एका माणसासाठी नुसत्या कोम्बूची (समुद्री शेवाळाची) आणि शिटाके मशरूमची दाशी वेगळी करून मिळेल का?
– टेम्पुराच्या (जपानी भज्यांच्या) पिठात अंडं असतं का? भाज्या आणि कोळंबी एकाच तेलात तळता का?
– भाजीचे सुशी रोल वेगळ्या फळीवर, वेगळ्या सुरीने कापून द्याल का?
– त्या दिवशीचा बुफे पूर्ण जपानी आहे, की मोठ्या बुफेत जपानी पदार्थांचं एकच काउंटर आहे?

शेवटचा प्रश्न पैशांसाठी महत्त्वाचा. "जपानी बुफे" म्हणून जाहिरात असते आणि प्रत्यक्षात सुशीचा एक कोपरा, बाकी पनीर मखनी आणि पास्ता. ते वाईट असतं असं नाही, उलट आजी-आजोबांसाठी सोयीचंच, पण काय मिळणार ते माहीत असावं.

दुसऱ्या प्रश्नाला जोडून एक शब्द लक्षात ठेवा: शोजिन. जपानमधल्या बौद्ध मठांत शेकडो वर्षं चालत आलेला हा शुद्ध शाकाहारी स्वयंपाक आहे. त्यात मांस-मासा नसतो आणि परंपरेने कांदा-लसूणही नसतो. आपल्या चातुर्मासाच्या स्वयंपाकाशी त्याचं किती जवळचं नातं वाटतं! जपानी पद्धत शिकलेल्या शेफला "शोजिनसारखं काहीतरी कराल का" असं विचारलं की त्याच्या लगेच लक्षात येतं. दुसऱ्या खेपेला आम्हाला भेटलेल्या शेफने तर सासूबाईंसाठी कोम्बूच्या पाण्यात भोपळा आणि मशरूम वेगळं शिजवून आणलं आणि टेबलापाशी येऊन स्वतः वाढलं. आधी सांगितलं होतं म्हणूनच ते जमलं. ऐन जेवणाच्या गर्दीत कितीही चांगला शेफ असला तरी ते जमत नाही.

जैन शेजाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर मुळा, गाजर, रताळं आणि आलं जपानी ताटात जागोजागी असतं, हेही फोनवरच बोलून घ्या.

३. खर्चाचा खरा आकडा काढा

जाहिरातीतल्या आकड्यापुढे बारीक अक्षरात "अधिक कर" असतं. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. समजा, माणशी २,००० रुपये सांगितले, तर १८ टक्क्यांनी ते २,३६० होतात आणि चौघांचे ९,४४०. घरून निघताना हा आकडा डोक्यात असला की बिल आल्यावर धक्का बसत नाही.

सोबत हेही विचारा: मुलांचा दर कोणत्या वयापर्यंत निम्मा? पिण्याचं पाणी, ग्रीन टी आणि सरबतं धरून आहेत की वेगळी? आमच्या पहिल्या बिलात बाटलीबंद पाण्याचेच इतके पैसे लागले की त्या पैशांत घरी दोन दिवसांची भाजी आली असती. साधं पाणी मागा, ते मिळतं.

४. सोबत काय न्यायचं

बुकिंगचा मेसेज, मुलांच्या वयासाठी आधार कार्ड (एका ठिकाणी खरंच मागितलं), पथ्यांचा तो कागद आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याची औषधं. वयस्कर माणसांसाठी शाल किंवा स्वेटर. लहान मुलांसाठी घरचा छोटा चमचा-काटा, कारण हॉटेलचे काटे त्यांच्या हातात जड होतात.

सकाळचा नाश्ता मात्र करून निघा, हलका का होईना. पैसे वसूल व्हावेत म्हणून उपाशी पोटी गेलं की पहिल्या दहा मिनिटांत भात आणि तळणीनेच पोट भरतं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणार असाल तर रविवारी आधी मेगाब्लॉक बघा. ठाणे ते वाशी-नेरूळ मार्ग ब्लॉकमध्ये असला की ऐरोली-घणसोलीच्या लोकांचीही पंचाईत होते, आणि बुफेची वेळ कोणासाठी थांबत नाही. दार उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पोहोचा. कच्च्या माशाच्या बाबतीत तर हे फार मोलाचं आहे, त्याबद्दल पुढे सांगतेच.

५. ताट न घेता एक पूर्ण फेरी मारा

बुफेला जपानमध्ये "बायकिंगु" म्हणतात, म्हणजे व्हायकिंग. १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियातल्या पद्धतीवरून "हवं ते, हवं तितकं घ्या" असं रेस्टॉरंट काढलं, त्याला व्हायकिंग नाव दिलं आणि तेच नाव तिथे रूढ झालं. मुलाला ही गोष्ट इतकी आवडली की त्याने ती आजीला तीनदा सांगितली.

फेरी मारताना कागद हातात ठेवा. कॅप्टनला बोलवा, फोनवर बोलणं झाल्याची आठवण द्या आणि एकेका भांड्यापाशी थांबून विचारा. लाजू नका. मागे रांग असेल तर बाजूला व्हा, पण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या अनुभवात मनापासून विचारलेल्या प्रश्नाला स्वयंपाकघरातली माणसं मनापासूनच उत्तर देतात. आपला पदार्थ कोणीतरी नीट समजून खातंय, याचं त्यांनाही बरं वाटतं.

६. पातळ पदार्थ: पाणी कशाचं आहे?

हा टप्पा सावकाश वाचा, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

आपल्या आमटीला जशी फोडणी, तसा जपानी स्वयंपाकाला दाशीचा आधार. दाशी म्हणजे चवीचं पाणी. ते बहुधा दोन गोष्टींपासून होतं: कोम्बू नावाचं जाड समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे फोनवर विचारलेलं ते बोनिटो. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा, म्हणजे आपल्या कोळणींच्या टोपलीतल्या कुप्याचा भाऊबंद. तो उकडून, धूर देऊन, महिनोन् महिने वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि मग रंधा मारल्यासारखे त्याचे पापुद्रे काढतात. आपल्याकडे सुके बोंबील आणि सुकट पावसाळ्यासाठी वाळवून ठेवतात तशीच ही बेगमी. फरक असा की सुकटीचा वास दारातच कळतो, दाशीत मासा असल्याचं नाकाला कळतही नाही. पापुद्रे पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळून टाकतात, त्यामुळे वाटीत डोळ्यांनाही काही दिसत नाही.

या पाण्यात इतकी चव का, याचा शोध किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये लावला. कोम्बूतून त्याने ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. म्हणजे चवीचा मोठा वाटा शेवाळाचाच आहे. नुसत्या कोम्बूची दाशीही म्हणूनच छान लागते. शाकाहारी माणसाला दुय्यम काही खावं लागतं असं मुळीच नाही. फक्त तशी करून मागावी लागते.

दाशी कुठे कुठे असते? मिसो सूपमध्ये. उदोन, सोबा, रामेन या नूडल्सच्या पाण्यात. आणि तोन्कोत्सु रामेन असेल तर ते पाणी डुकराच्या हाडांचं असतं. टेम्पुरासोबतच्या पातळ तपकिरी चटणीत. तळलेल्या टोफूभोवतीच्या रसात. मंद आचेवर शिजवलेल्या मुळा-भोपळ्यात. चावानमुशी नावाच्या वाफवलेल्या पदार्थात तर दाशीही असते आणि अंडंही, आणि तो दिसतो मात्र आपल्या खरवसासारखा! सासूबाईंचा हात तिकडे गेलाच होता.

सगळ्यात फसवी इनारी सुशी. तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भरलेला भात, बघायला पूर्ण शाकाहारी. पण ती पिशवी बऱ्याचदा दाशीत मुरवलेली असते.

काही हॉटेलं दाशी तयार पुडीची करतात. "आम्ही मासा घालत नाही, पावडर घालतो" असं उत्तर मला एकदा मिळालं. त्या पुडीतही मासा असू शकतो. पाकीट दाखवायला सांगा. मी सांगितलं, त्यांनी आणलं आणि पहिल्याच ओळीत बोनिटो निघालं.

तेव्हा प्रश्न एकच: "याचं पाणी कशाचं आहे?"

७. सुशीचं काउंटर

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला भात आणि त्याच्यासोबत काहीही. नुसत्या कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी. निगिरी म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाची चकती, माकी म्हणजे शेवाळाच्या पापडात गुंडाळून कापलेला रोल.

शाकाहारी माणसाने काकडीचा कप्पा माकी, ॲव्होकॅडोचा रोल किंवा लोणच्याच्या मुळ्याचा रोल घ्यावा. डोळ्यांदेखत करून मागा. रोलवर बाहेरून केशरी बारीक मणी लावलेले असतील तर ती माशाची अंडी. आमच्या मुलीला ती साबुदाण्यासारखी वाटली होती. भातावर भुरभुरवलेल्या मिश्रणात तीळ-शेवाळासोबत माशाचा चुराही असतो. कॅलिफोर्निया रोलमधल्या लाल-पांढऱ्या कांड्या खेकड्याच्या म्हणून ओळखल्या जातात, पण बहुधा त्या माशाच्या लगद्याच्या असतात आणि त्यात अंड्याचा पांढरा भागही असतो. मेयोनेजमध्ये अंडं असतं, हे वेगळं सांगायला नको.

मासे खाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. आपल्या घरात मासा कसा पारखायचा ते आईने शिकवलेलं असतं: डोळे बघ, कल्ले उघडून लाल आहेत का बघ, बोटाने दाबून बघ. इथे समोर येतो तो नुसता काप, त्यामुळे ती पारख चालत नाही. त्याऐवजी हे बघा. काप बर्फावर ठेवलेत का आणि बर्फ खरोखर बर्फ आहे की पाणी झालंय? कडा सुकून गडद झाल्यात का? वास समुद्राच्या वाऱ्यासारखा स्वच्छ आहे की बाजारासारखा? शेवटचा अर्धा तास उरला असेल आणि थाळी तीच असेल, तर साशिमी सोडून द्या. लवकर जा म्हटलं ते याच्यासाठी.

कच्चा खाण्याचा मासा आधी खूप खालच्या तापमानाला गोठवतात, म्हणजे त्यातले कृमी मरतात. उणे २० अंशांवर सात दिवस, असा एक मान्य निकष आहे. "हा मासा गोठवून आलेला आहे ना?" असं शेफला विचारा. "नाही, एकदम ताजा, सकाळीच आणला" या उत्तराने आपल्याला खूश व्हायची सवय आहे, पण कच्च्या माशासाठी गोठवलेलाच बरा.

ज्यांना कच्चं नको त्यांच्यासाठी उकडलेल्या कोळंबीची निगिरी असते, भाजलेल्या ईल नावाच्या सापासारख्या लांब माशाची असते. माझ्या नवऱ्याचं आजोळ कोळीवाड्यातलं, ताजं म्हावरं खाऊन वाढलेला. तरी पहिल्या दिवशी त्याच्याने साशिमी गिळवली नाही. त्यात कमीपणा काही नाही. तिसऱ्या भेटीत त्याने सॅमनपासून सुरुवात केली आणि आता तो सगळं खातो.

काउंटरवरचा हिरवा गोळा म्हणजे वसाबी. मुलांच्या हाती लागू देऊ नका. आमच्या मुलीने हिरवी चटणी समजून बोटभर तोंडात घातली आणि बराच वेळ रडली. त्याचा तिखटपणा मिरचीचा नाही, मोहरीचा आहे. फेसलेली मोहरी जशी जिभेपेक्षा नाकात आधी जाते, तसा. दोन्हींत झणका आणणारं द्रव्य एकच. बहुतेक ठिकाणी मिळते ती वसाबी खऱ्या कंदाची नसतेच. हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग मिळून केलेली असते. ज्वारीच्या दाण्याएवढी घ्या.

गुलाबी आल्याच्या चकत्या सुशीवर ठेवून खायच्या नाहीत. एक प्रकारचा मासा खाल्ला की दुसरा खाण्याआधी तोंड स्वच्छ करायला त्या असतात. निगिरी सोया सॉसमध्ये बुडवताना उलटी करून माशाची बाजू टेकवा. भात बुडवला की तो सुटतो आणि खारटढोण होतो. हाताने खाल्लीत तरी चालते, जपानमध्येही खातात. सासूबाईंना हे ऐकून फार हायसं वाटलं.

८. तळलेलं, भाजलेलं

टेम्पुरा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून जपानमध्ये गेला असं मानतात. वसई-चौलला पोर्तुगीज पाहिलेल्या आपल्या किनाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. दिसतो भज्यासारखा, पण पीठ गव्हाचं, बर्फाच्या पाण्यात भिजवलेलं आणि बहुतेकदा अंडं घातलेलं. अंडं नको असेल तर आधी सांगून ठेवलेला वेगळा घोल आणि वेगळी कढई हवी. रताळं, भोपळा, वांगं, कमळकाकडी सुरेख लागते. गरम असतानाच खा. पाच मिनिटांनी मजा जाते.

तोन्कात्सु म्हणजे डुकराचं मांस. नुसतं "कात्सु" लिहिलं असेल तर कशाचं ते विचारा. ग्योझा नावाच्या मोदकासारख्या मुरडलेल्या करंज्यांतही पुष्कळदा डुकराचा खिमा असतो. ताकोयाकी नावाच्या पिठाच्या गोळ्यांत ऑक्टोपस. तेप्पान्याकीचा, म्हणजे समोरच भाजून देण्याचा मोठा तवा असेल तर शाकाहारी भाज्या तव्याच्या वेगळ्या भागावर, वेगळ्या उलथन्याने करायला सांगा. जपानी करीच्या तयार वड्यांत प्राणिज चरबी असू शकते, शाकाहारी माणसाने ती टाळलेली बरी.

एदामामे जरूर घ्या. उकडून मीठ लावलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. ओठांत धरून दाणे काढायचे, साल टाकायचं, पोपटीतल्या वालाच्या शेंगांसारखंच. सासूबाईंनी पहिल्या घासालाच ओळखलं.

ताट छोटं घ्या आणि पाच-सहा फेऱ्या करा. हलक्यापासून जडाकडे जा. ताटात टाकू नका. अन्न वाया जाताना वाटणाऱ्या हळहळीला जपानीत एक खास शब्द आहे, मोत्ताइनाई.

९. चॉपस्टिक्स

जमत नसेल तर काटा-चमचा मागा, कोणी काही म्हणत नाही. जमत असेल तर दोन गोष्टी मात्र पाळा.

भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचून ठेवू नका. तिथे मृताच्या उशाशी ठेवायच्या भातात त्या तशा खोचतात. आणि आपल्या काड्यांतला घास दुसऱ्याच्या काड्यांत देऊ नका. आपण अस्थी सावडतो तसे तिथेही दहनानंतर नातेवाईक काड्यांनी अस्थी उचलतात आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात. हे कळल्यावर माझ्या मुलाने काड्या झटकन खाली ठेवल्या. शेजारच्या टेबलावर कोणी जपानी माणूस बसलेला असू शकतो. आपल्या पिंडाच्या भाताचा कोणी खेळ केला तर आपल्याला कसं वाटेल, तेवढा विचार पुरे. थांबताना काड्या समोरच्या छोट्या टेकूवर आडव्या ठेवा.

१०. गोड

इथे शाकाहारी माणसाचा हात मोकळा होतो. अझुकी नावाच्या लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड सारण, अन्को, म्हणजे जवळजवळ पुरणच. वेलची-जायफळ नसतं एवढंच. मोची म्हणजे त्या सारणावर चिकट तांदळाचं पातळ आवरण. उकडीच्या मोदकाची आठवण येते, पण चिवट फार. वयस्कर माणसं आणि लहान मुलांना मोची बारीक कापून, एकेक तुकडा नीट चावून खायला द्या. घशात अडकते. जपानमध्येसुद्धा दर नवीन वर्षाला याबद्दल लोकांना सावध करतात.

दोरायाकीच्या पोळ्यांत अंडं असतं. जेलीसारखं काही दिसलं तर जिलेटिन की कान्तेन ते विचारा. कान्तेन म्हणजे शेवाळाचं, आपल्याकडचं चायना ग्रास, ते चालतं. जिलेटिन प्राण्याचं. ग्रीन टी दूध-साखरेशिवायच येतो आणि या जेवणानंतर तसाच बरा वाटतो.

११. बिल आणि निघण्याआधी

बिलावर सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल आणि तुम्हाला द्यायचा नसेल तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढलेल्या सूचनांनुसार तो सक्तीचा करता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ज्याने तुमच्यासाठी वेगळी दाशी केली, त्याला मात्र आपल्या हाताने काहीतरी द्या आणि नाव विचारून घ्या. पुढच्या वेळी फोन थेट त्यालाच करता येतो.

काही चुकलं असेल तर जाण्याआधी शांतपणे लिहून द्या. पहिल्या दिवशी मी त्या हॉटेलात अर्धं पान लिहून दिलं होतं: मिसो सूपच्या पाटीवर मासा लिहा, माळकरी माणसं येतात, जैन येतात. मॅनेजरने वाचून हात जोडले. वर्षभराने आम्ही पुन्हा तिथेच गेलो तेव्हा सूपची दोन भांडी होती. एकावर माशाचं चित्र, दुसऱ्यावर शेवाळाचं. सासूबाईंनी तरीही वाढणाऱ्याला विचारलं, "बाळा, पाणी कशाचं आहे?" त्याने सांगितल्यावर मग वाटी पुढे केली.